पात्राला आधी कामाला लावा: पहिली कथा लिहिणाऱ्यांसाठी

दिवाळी अंकासाठी आलेल्या नवोदितांच्या कथा वाचायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत, इकडं इस्लामपूर, कराड. लिहिणारे याच पट्ट्यातले आणि कथाही इथल्याच. तरी निम्म्या कथांत नायक करतो काय, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. तो खिडकीत उभा राहतो, चहा घेतो, कृष्णेच्या घाटावर बसून कॉलेजातली मैत्रीण आठवतो. पण त्याचं पोट कशावर चालतं? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा माणूस असतो कुठं? लेखकाला फोन करून विचारलं तर उत्तर येतं, "करतो की कुठंतरी नोकरी."

ही "कुठंतरी"ची नोकरी कथेला बुडवते. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट लावून धरणार आहे. कथेतल्या माणसाला आधी काम द्या आणि ते काम स्वतः नीट समजून घ्या. पेच, संवाद, जागा, अगदी शेवटसुद्धा त्या कामातूनच काढता येतो. नुसता उपदेश नको म्हणून एक कथा बीजापासून संपादकाकडं पाठवेपर्यंत आपण इथंच रचत जाऊ.

बीज: विषय नको, अडलेलं काम हवं

नवा लेखक विषय शोधत बसतो. दुष्काळ, महापूर, शेतकऱ्याची आत्महत्या, म्हाताऱ्या आईवडिलांची आबाळ. विषय मोठा घेतला की कथा आपोआप मोठी होईल, असा एक समज आहे. विषयावर अग्रलेख लिहिता येतो. कथेला लागतो एक माणूस, त्याचं एक काम, आणि कालपर्यंत सुरळीत चाललेल्या त्या कामात आज पडलेला खोडा. वहीत एका वाक्यात हे तिन्ही उतरवायचं. वाक्य जमत नसेल तर कथा अजून तयार नाही, घाई करू नका.

आपल्याच भागातली काही वाक्यं बघा. मिरजेत सतार-तंबोऱ्यांची जवारी काढणारा, म्हणजे तारांचा नाद खुलवणारा कारागीर आहे, त्याला एका कानानं कमी ऐकू यायला लागलंय आणि त्यानं ते घरात सांगितलेलं नाही. विट्याकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारा, अर्धं आयुष्य परराज्यात भट्टीपुढं काढून आता गावाकडं परत यायचं म्हणतोय, पण दुकान ज्याच्या हाती द्यायचं त्या पोराला हे काम नकोय. तासगावकडच्या बागायतदाराचा बेदाणा वाळायला रॅकवर आहे, आभाळ भरून आलंय, जादा ताडपत्री फक्त शेजाऱ्याकडं आहे आणि त्याच्याशी बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे.

आणि चौथं, जे आपण इथं घेणार आहोत: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानातला दिवाणजी. ओळखीच्या शेतकऱ्याच्या विधवेची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, त्याला करायची आहे, आणि पट्टीतून कापायच्या उचलीचं, म्हणजे नवऱ्यानं आगाऊ घेतलेल्या पैशांचं कारण फक्त त्यालाच माहीत आहे.

काम शिकून घ्या

इथं घाई करणारे फार. "मला यार्ड माहीत आहे, लहानपणी वडिलांबरोबर जायचो" एवढ्यावर भागत नाही. हळदीच्या हंगामात, फेब्रुवारीपासून पुढं कधीही, सकाळी यार्डात जा. ओळख काढून एखाद्या दुकानात बाकावर बसा. वही लगेच बाहेर काढू नका. वही दिसली की माणसं भाषण करायला लागतात. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" हा प्रश्न तर विचारूच नका. कामाचं विचारा. सकाळी आल्यावर पहिल्यांदा हात कशाला लागतो? चूक झाली तर कुणाच्या अंगावर येते? नव्या पोराला कुठली गोष्ट जमायला सगळ्यात जास्त दिवस लागतात? मालक नसताना काय वेगळं होतं? दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नाही अशी तुमची वस्तू कोणती? मालकाच्या गैरहजेरीचा प्रश्न निघाला की बहुतेक वेळा चहा मागवला जातो आणि खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

हळदीचा सगळा प्रवासही माहीत हवा. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावण, साधारण नऊ महिन्यांनी काढणी, मग शिजवणं, उन्हात वाळवणं, ड्रममध्ये घालून पॉलिश, हळकुंड आणि गड्डा (मधला जाड कंद) वेगळा करणं, पोती भरून यार्डात आणणं. तिथं नमुना, सौदा, वजन आणि शेवटी पट्टी. पट्टीत मालाचे पैसे वर, खाली हमाली, तोलाई आणि घेतली असेल तर उचल, आणि सगळ्यात खाली हातात पडणारी रक्कम. शेतकरी पट्टी नेहमी खालून वर वाचतो. ही शेवटची गोष्ट लिहून ठेवा. कागदावर शेतीशास्त्र उतरवून ती मिळत नाही, बाकावर बसल्यावरच दिसते.

आता सावधगिरीची सूचना. शिकलेलं सगळं कथेत ओतायचं नाही. हरिपूर आणि सांगलीवाडीला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलं की आत माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही. २००५च्या पुरात पाणी शिरून यातली बरीच पेवं निकामी झाली आणि माल गोदामांकडं वळला. वाचताना कुणालाही वाटेल, हे कथेत यायलाच हवं. आपल्या दिवाणजीच्या कथेत ते येणार नाही, कारण त्याच्या आजच्या दुपारशी पेवाचा काही संबंध नाही. तपशील पात्र वापरत असेल, त्याला भीत असेल किंवा तो लपवत असेल, तरच तो ठेवायचा. बाकीचं वहीत राहू द्या, दुसऱ्या कथेला उपयोगी पडेल.

पेच घट्ट करा

आता माणसं उभी करू. दिवाणजी बाबूराव, वय ५८, एकाच दुकानात आयुष्य गेलेलं. यशवंत हा वाळवा तालुक्यातला शेतकरी, याच दुकानाला माल घालणारा, बाबूरावांचा जवळचा. गणपतीत त्यानं ४०,००० रुपये उचल घेतली. कशाला? सख्ख्या भावाच्या मिरजेतल्या दवाखान्याच्या बिलाला. भावाशी जमिनीवरून वैर, बायकोनं त्या घराचं पाणी वर्ज्य केलेलं. "घरात कळू देऊ नका, दिवाणजी," एवढं त्यानं सांगितलं आणि वहीवर सही केली. दिवाळीनंतर यशवंत गेला. आता त्याची बायको सुला स्वतः हळद घेऊन आली आहे.

दुकानाच्या मालकाला, म्हणजे शेठला, उचल वळती करून हवी आहे. सुलावहिनीला हिशेब कळायला हवा आहे. बाबूरावांनी मेलेल्या माणसाला शब्द दिला आहे. तिघांचंही म्हणणं बरोबर. पेच म्हणजे हेच. एक बाजू चूक असेल तर वाचक दुसऱ्या पानावरच निकाल लावून मोकळा होतो.

म्हणून शेठला खलनायक करू नका. हा मोह फार जबरदस्त असतो; अडत्या म्हटलं की लेखणी आपोआप सोन्याची अंगठी आणि पानाची पिचकारी लिहायला लागते. आपल्या शेठनं गणपतीत तोंडी शब्दावर, तासाभरात पैसे दिले होते. त्याचंही काही चुकलेलं नाही. तो वाईट झाला की बाबूरावांची अडचण सोपी होते, आणि कथाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. पळवाटा शोधा आणि एकेक बंद करा. वाचक विचारणारच की बाबूराव स्वतःच्या खिशातून का भरत नाहीत? पगार किती, मुलीच्या लग्नाचे हप्ते किती, हे एका ओळीत कुठंतरी यायला हवं. उचल पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही का? वहिनी रान खंडानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला देणार आहे, पुढच्या वर्षी या दुकानात माल येणारच नाही. आकडा लपवता येणार नाही का? वहीवर तारीख आणि यशवंताची सही आहे, आणि सुलाला वाचता येतं. एवढं झाल्यावर वर घड्याळ टांगा. तिला गावाकडं जाणारी पाचची एसटी गाठायची आहे. पट्टी त्याच्या आत व्हायला हवी.

बघा, अपघात नाही, कॅन्सर नाही, बलात्कार नाही. नव्या लेखकांच्या कथांत यातलं एक हमखास असतं, कारण कामाकडं लक्ष नसलं की ताण बाहेरून आणावा लागतो.

कुणाच्या डोळ्यांनी?

पूर्ण कथा लिहायच्या आधी एकच पान तीन तऱ्हांनी लिहा. एकदा बाबूराव "मी" म्हणून, एकदा "तो" म्हणून पण त्यांच्या खांद्यावरून, आणि एकदा सुलाच्या बाजूनं. सुलाकडून लिहिलं तर उचलीचं कारण वाचकालाही कळत नाही, शेवटी ते उघड होतं. हा मार्ग आकर्षक वाटतो, पण अशा कथेत वाचक माणसं सोडून उत्तराच्या मागं लागतो आणि उत्तर मिळालं की अंक मिटतो. बाबूरावांकडून लिहिलं तर गुपित वाचकाला पहिल्या दोन पानांतच माहीत होतं, आणि मग तिचा प्रत्येक प्रश्न त्यालाही टोचतो. मी दुसरी तऱ्हा घेईन.

एकदा घेतली की ती पाळायची. बाबूरावांच्या खांद्यावर बसून "सुलाला आतून तुटल्यासारखं वाटलं" असं लिहिता येणार नाही. त्यांना ते कसं कळणार? त्यांना दिसेल तेवढंच लिहा. पदर डोळ्यांना लावणं, खाली मान घालणं हे पहिल्यांदा सुचतं, म्हणून ते खोडा. मग कामाकडं बघा. तिच्या हातात काय आहे? पट्टीचा कागद. ती त्याचं काय करेल? "तिनं पट्टी उलटी केली, पाठीमागं आणखी काही लिहिलंय का ते बघितलं." संशय एका हालचालीत आला, आणि ही हालचाल पुढं आपल्या कामी येणार आहे.

पहिला परिच्छेद

माझ्याकडं येणाऱ्या कथांची सुरुवात साधारण अशी असते:

"पूर्वेला तांबडं फुटलं होतं. कृष्णामाई संथ वाहत होती. दूर मंदिरात घंटा वाजत होती. बाबूरावांना आज पहाटेच जाग आली होती. का कोण जाणे, मन उदास होतं."

या पाच वाक्यांत बाबूराव कोण, हे कळलं नाही. ही वाक्यं कुणाच्याही कथेला चिकटवता येतात. आता कामावरून सुरू करू:

"सतरा पोती हळकुंड, चार पोती गड्डा. बाबूरावांनी वजनाची बेरीज दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदाही ती बरोबरच होती. हमाली लिहिली, तोलाई लिहिली, आणि उचलीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. समोर बाकावर सुलावहिनी बसल्या होत्या. आणलेली पिशवी अजून मांडीवरच होती. 'पाचची गाडी घावंल न्हवं, दिवाणजी?'"

बरोबर असलेली बेरीज माणूस पुन्हा करतो, म्हणजे तो वेळ काढतोय. पोत्यांच्या आकड्यावरून रान किती, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. मांडीवरची पिशवी घाई सांगते. "उदास" हा शब्द कुठंच लागला नाही.

सवय म्हणून एक करून बघा: कथा पूर्ण झाल्यावर पहिलं पान हातानं झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. पुष्कळदा कथा तिथंच सुरू होत असते.

संवाद आणि बोली

आपल्याकडचा माणूस विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर क्वचित देतो. "येणार का?" म्हटलं तर "बघू की" म्हणेल, त्यात हो आहे की नाही, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. संवाद लिहिताना ही सवय वापरा. एक प्रश्न, त्याचं नेमकं उत्तर, मग दुसरा प्रश्न, त्याचं नेमकं उत्तर, अशी मांडणी सरकारी तक्रार नोंदवताना शोभते.

"चाळीस हजार कशाचं वो?"

"उचल हाय, वहिनी. गणपतीत घेतल्याली."

"त्ये दिसतंय. कशाला घेतल्याली?"

बाबूरावांनी शाईचं पॅड तिच्याकडं सरकवलं, परत आपल्याकडं ओढलं. "च्या सांगू?"

"च्या नगं. मालक पीत हुतं का?"

चहाचा प्रश्न हेच बाबूरावांचं उत्तर आहे, आणि ते सुलाला कळलं म्हणून तिनं पुढचा प्रश्न तसा विचारला (तिच्या तोंडी "मालक" म्हणजे नवरा, यशवंत). मध्ये "त्यांनी विषय टाळला" असं लिहायची गरज उरली नाही. शिवाय पेच आणखी आवळला गेला: आता गप्प राहिलं तर मेलेला माणूस दारुडा ठरतो.

बोलीबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, सांगली जिल्ह्याची एक बोली नाही. आटपाडीकडचं माणदेशी बोलणं वेगळं, वाळवा-शिराळ्याचं वेगळं, जत आणि मिरजेच्या पूर्वेकडं कन्नडचा हेल येतो. तुमचं पात्र कुठल्या गावचं आहे, हे ठरवून तिथल्या माणसाला संवाद मोठ्यानं वाचून दाखवा. तो जिथं हसेल तिथं दुरुस्ती करा. दुसरी गोष्ट, लेखनात सातत्य ठेवा. "न्हाई" लिहायचं की "नाय", "व्हय" की "हय", याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा. एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही रूपं आली की वाचक अडखळतो. मोबाईलवर बोलून टाईप करत असाल तर विशेष जपा. यंत्र बोली सुधारून प्रमाण भाषा करून टाकतं आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकच माणूस दिवसात अनेक भाषा बोलतो. बाबूराव शेठशी बोलताना "करतो, शेठ, पाहून सांगतो" म्हणतील, वहिनीशी "उचल हाय" म्हणतील, आणि कागदावर "उचल वजा जाता देणे" असं लिहितील. या तिन्हींतलं अंतर दाखवलं की तो माणूस दुकानात कुठं उभा आहे, ते वेगळं सांगावं लागत नाही. शेठ घराण्यानं गुजराती किंवा मारवाडी असला तरी तो सांगलीत वाढलेला आहे, त्याच्या तोंडी सिनेमातलं "अरे भाय" घालू नका. तो तुमच्यापेक्षा पक्का सांगलीकर बोलत असेल. आणि शिव्या: खेड्यातलं प्रत्येक पात्र ओळीआड शिवी देत नाही. एक शिवी योग्य जागी पडली तर पुरते.

नाती सांभाळा. यशवंत मित्र, म्हणून त्याची बायको "वहिनी". ती मात्र चारचौघांत "दिवाणजी" म्हणेल. कथेत एकदाच, दुकानात कुणी नसताना, तिला "बाबूभावजी" म्हणू द्या. तो क्षण कुठं ठेवायचा, यावर दोन दिवस घालवले तरी चालतील.

जागा: वर्णन कमी, व्यवहार जास्त

महापुरावरच्या कथा २०१९ नंतर पुष्कळ आल्या. बहुतेकांत पाणी "रौद्र रूप धारण" करतं. सांगलीतला माणूस असा बोलत नाही. तो विचारतो, "आयर्विनला किती?" १९२९ साली झालेल्या त्या पुलाजवळच्या पातळीवर सगळं शहर हिशेब लावतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. जोडीला कोयना धरणातून किती सोडलं आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती जातंय. नदीकाठच्या पेठेतला दुकानदार कुठल्या आकड्याला खालच्या फळीवरचा माल वर चढवतो, कुठल्या आकड्याला कुलूप लावतो, आणि शेजारी दुकान आवरत असताना हा कुठल्या हट्टानं थांबतो, यात अख्खी कथा आहे. पावसाच्या सरींचं वर्णन केलं नाही तरी वाचक भिजतो.

आपल्या कथेतही हाच नियम. यार्डाचं चित्र काढत बसायचं नाही. पिवळी धूळ येऊ द्या, पण ती बाबूरावांच्या चष्म्यावर, आणि आकडा वाचायला त्यांना तो पुसावा लागतो तेव्हा.

मधला भाग

सगळी कथा एका दुपारची ठेवा, तीनपासून पाचपर्यंत. पहिल्या कथेत बारा वर्षांचा पट मांडू नका. यशवंत जिवंत असतानाचा गणपतीतला प्रसंग लागेल, तो उचलीची वही उघडल्यावर सहीच्या निमित्तानं येऊ द्या, आणि अर्ध्या पानात आटपा. बाकी प्रवेश चार पुरतात: पट्टी अडते, शेठ फोनवरून घाई करतो, वहिनी विचारते, बाबूराव काहीतरी करतात. प्रत्येक प्रवेशाअखेर बाबूरावांची सुटायची एक वाट कमी झाली का, ते तपासा. झाली नसेल तर तो प्रवेश काढा, कितीही छान लिहिलेला असला तरी.

शेवट

सोपे शेवट आधी लिहून टाका, म्हणजे डोक्यातून जातील. बाबूराव खरं सांगतात, वहिनी रडतात, दिराशी समेट होतो. किंवा बाबूराव नोकरी सोडतात. किंवा पाऊस येतो. यातला कुठलाच कामातून आलेला नाही.

मी असं करून बघेन. बाबूराव खोटं बोलतात: "खताला घेतल्याली." सुला काही बोलत नाही. वाचकाला आधीच माहीत आहे की खताची बिलं यशवंत नव्हे, तीच भरायची. ही ओळ दुसऱ्या पानावर सहज जाता जाता टाकलेली असायला हवी. म्हणजे तिला खोटं कळलं. ती सही करते. मग पट्टी उलटी करून त्यांच्यापुढं ठेवते आणि म्हणते, "ह्येच हितं लिवा. खताला म्हणून. आन् खाली तुमची सही करा." बाबूराव लिहितात. तिथं थांबायचं.

तिला सत्य नको आहे. घरात आणि भावकीत दाखवायला कागद हवा आहे. आणि ज्या माणसानं आयुष्यभर वहीत खोटा आकडा लिहिला नाही, त्याला खोटं लिहावं लागतं. यातलं एक अक्षरही कथेत समजावून सांगू नका. शेवटच्या कृतीनंतर तुमच्याकडून एक परिच्छेद आपोआप लिहिला जाईल, त्यात "त्या दिवशी बाबूरावांना कळून चुकलं" असं काहीतरी असेल. तो परिच्छेद खोडा.

पुनर्लेखन

लिहून झाली की पंधरा दिवस बघू नका. मग कागदावर छापून, हातात पेन घेऊन वाचा. एकदा फक्त आकडे तपासा: पोती, रक्कम, तारखा, वयं, गाडीची वेळ. यार्डातल्या वाचकाला बेरीज चुकलेली दिसली तर त्याचा तुमच्या भावनांवरचाही विश्वास उडतो. दुसऱ्यांदा "अचानक", "नकळत", "जणू", "का कोण जाणे" एवढे शब्द शोधून काढून टाका. दहातल्या नऊ जागी वाक्याचं काही बिघडत नाही. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचा.

कथा दोघांना दाखवा. एक त्या कामातला, म्हणजे चूक पकडेल. एक त्या कामाचा गंध नसलेला, म्हणजे कुठं कळत नाही ते सांगेल. घरच्यांना छापून आल्यावर दाखवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. खऱ्या माणसावरून लिहिलं असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. आपल्याकडं माणूस कामावरून आणि गल्लीवरून ओळखू येतो. तालुका बदला, वय बदला, बाईचा पुरुष करा, जमलं तर धंदाच बदला. धंदा बदलल्यावर कथा उभीच राहत नसेल, तर त्या माणसाला आधी विचारा.

पाठवणं

मराठीत १९०९ साली "मनोरंजन" मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या कथेचा मोठा दरवाजा हाच राहिला आहे. अंकांची आवाहनं उन्हाळ्यापासून यायला लागतात, आणि गणपती येईपर्यंत बहुतेकांची पानं भरत आलेली असतात. तेव्हा मे-जूनमध्ये कथा तयार हवी. पहिली कथा अडीच ते साडेतीन हजार शब्दांत बसवा. अंकानं मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

युनिकोडमध्ये टाईप करा आणि वर्ड फाईल जोडा. पानांचे फोटो पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी तर नाहीच. सोबतचं पत्र तीन-चार ओळींचं: नाव, गाव, कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं एक वाक्य. "सत्य घटनेवर आधारित" हे लिहू नका, त्यानं कथेची किंमत वाढत नाही. फेसबुकवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात, म्हणून आधी तिथं टाकण्याचा मोह आवरा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. दोन्हीकडं छापून आली तर पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद होतात. मानधनाबद्दल मोकळेपणानं विचारावं, त्यात कमीपणा नाही. उलट कुणी छापण्यासाठी तुमच्याकडंच पैसे मागत असेल, तर तिथं कथा देऊ नका.

एक वही करा: कथेचं नाव, कुठं पाठवली, तारीख, उत्तर. पाठवल्यावर महिनाभरानं एक मेल करून विचारायला हरकत नाही, रोज फोन करू नका. अंक बाजारात आला आणि तुमची कथा त्यात नसेल, कळवलंही नसेल, तर ती मोकळी झाली असं समजा. जानेवारीत पुन्हा एकदा वाचा, आकडे तपासा, आणि दुसऱ्या अंकाचा पत्ता लिहून ठेवा.